बत्तिसावं घड्याळ

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी माझी सगळी घड्याळं जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळून एका स्टीलच्या डब्यात भरली आणि सुरत-भुसावळ पॅसेंजरनं अमळनेरहून भुसावळला गेले. चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. दुकान म्हणजे एक शटर, आणि त्यातलंही अर्धं त्यांनी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या पुतण्याला देऊन टाकलेलं. भुसावळच्या उन्हात भर दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही, म्हणून मी मुद्दाम तीच वेळ धरते. गिऱ्हाईक नसतं, कूलर चालू असतो आणि चाचा बोलायला मोकळे असतात.

मी एकेक पुडी सोडून टेबलावर मांडली. एकतीस घड्याळं, एकतीसही एचएमटी. जमवायला सात वर्षं लागली होती. चाचांनी डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावला, सात-आठ घड्याळांच्या पाठी उघडल्या, आत पाहिलं, पुन्हा बंद केल्या. मग आयग्लास काढून ठेवत म्हणाले, "बेटा, तू एकच घड्याळ एकतीस दफा घेतलंस."

मला ते फार लागलं. परतीच्या गाडीत धरणगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. जनता वेगळं, पायलट वेगळं, कोहिनूर वेगळं, हे त्यांना कळू नये? मग डबा मांडीवर घेऊन मी स्वतःलाच विचारलं, की पायलट जनतापेक्षा वेगळं म्हणजे नेमकं कशात वेगळं? तबकडी काळी आहे, एवढंच उत्तर आलं. पाठ उघडली की दोघांत तेच सतरा ज्वेलचं, म्हणजे सतरा बारीक खडे बसवलेलं, चावीचं मशीन. सात वर्षांत मी एकाही घड्याळाच्या आत स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिलं नव्हतं.

एचएमटीच का, याचं उत्तर मात्र माझ्याकडे पहिल्यापासून होतं. माझे वडील, नाना, मध्य रेल्वेत गार्ड होते. त्या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या क्वार्टरमध्ये 'गार्डसाहेब' हाच शब्द होता. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून भुसावळ ते खंडवा, भुसावळ ते बडनेरा अशी त्यांची ड्यूटी. गाडी किती वाजता सुटली, कुठल्या सिग्नलला किती मिनिटं उभी राहिली, स्टेशनातून कधी पार झाली, सगळं कागदावर उतरवायचं. हातात हिरवं-लाल निशाण आणि मनगटावर एचएमटी जनता. पांढरी तबकडी, साधे काळे आकडे. १९७० मध्ये पगारातून साठवून घेतलेलं.

रोज आंघोळ झाली की देवासमोर उदबत्ती लावायच्या आधी ते घड्याळाला चावी देत. मी लहान असताना त्यांच्या गुडघ्याला टेकून ती करकर ऐकायची. "शेवटचा पीळ हलक्या हातानं द्यायचा," ते सांगत, "कुठं थांबायचं ते घड्याळच सांगतं." मनगट मोकळं असलेले नाना मी एकदाच पाहिले. तेव्हा मी सहावीत होते. घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं आणि शेजारच्या काकांचं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ मागून ते ड्यूटीवर गेले होते. घरी आल्यावर त्यांनी ते काढून ठेवलं, तेव्हा उन्हानं रापलेल्या हातावर एक गोरा पट्टा दिसला, लहान मुलाच्या कातडीसारखा. नाना जेवताना मधूनच त्या पट्ट्याकडे बघत होते.

खानदेशात वेळ आणि रेल्वे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. चाळीसगावचे थोर छायाचित्रकार केकी मूस यांच्याबद्दल नाना नेहमी सांगायचे. मूस वर्षानुवर्षं आपल्या घराबाहेर पडले नाहीत, आणि रोज रात्री पंजाब मेलची वेळ झाली की येण्याचा शब्द दिलेल्या कुणाची तरी वाट बघायचे, असं चाळीसगावात सांगतात. १९८९ मध्ये ते गेले. पंजाब मेल उशिरा धावतेय असं कळलं की नानांना त्यांची आठवण व्हायची.

नाना गेल्यावर सायकल भावानं नेली आणि जनता माझ्याकडे आलं. देवघराच्या खणात ठेवलं. ते मी त्या एकतिसांत कधीच धरलं नाही. कुणाला उघडूही दिलं नाही.

२०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं ठरवलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपरात ती बातमी वाचली आणि मला घरातलं माणूस पुन्हा गेल्यासारखं झालं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानं बंगळुरूला हा कारखाना उभा राहिला, १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर आली. त्याआधी घड्याळ म्हणजे स्विस, आणि तेही ज्याला परवडेल त्याला. एचएमटीनं ते शिपायाच्या, मास्तरच्या, गार्डच्या मनगटावर आणलं. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं तर एचएमटी, मुलगा मॅट्रिक झाला तर एचएमटी. आणि नावं किती आपली! जनता, जवान, कोहिनूर, सोना, कंचन, रजत, तरुण, काजल, अविनाश. अंधांसाठी झाकण उघडून काटे बोटांनी चाचपता येतील असं ब्रेल घड्याळही त्यांनी केलं. 'देश की धड़कन' हे जाहिरातीतलं वाक्य माझ्यासाठी अक्षरशः खरं होतं.

त्या आठवड्यात मी एक दोनशे पानी वही आणली आणि नावांची यादी केली. मग सात वर्षं ती यादी मला चालवत राहिली. जळगावला सराफ बाजाराच्या आसपासची जुनी दुकानं, धुळ्याला एका घड्याळवाल्याकडे पडून राहिलेला जुना माल, चोपड्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या कपाटातला पायलट. घड्याळ हाती आलं की आधी वही काढायची. हे आहे का? नाही. घेतलं, नावापुढे खूण केली, पुडी डब्यात. पुढचं नाव कोणतं? आई माझ्याकडेच असते. तिचं माहेर पारोळ्याकडचं, बोलणं अहिराणी. ती म्हणायची, "इतला घड्यायेस्नं काय करशी वं? येय त एकच शे ना!" एवढ्या घड्याळांचं काय करशील, वेळ तर एकच आहे ना, असं. मी हसून सोडून द्यायची.

चाचांच्या त्या वाक्यानंतर मी ठरवलं, पुढचं घड्याळ एचएमटीचं घ्यायचं नाही. ठरवायला सोपं होतं, पण आठवडाभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. नानांच्या माघारी त्यांच्याशी काही तरी लपवतेय, असं.

बत्तिसावं घड्याळ मी इंटरनेटवरून मागवलं. फेवर ल्युबा सी चीफ. आपल्याकडे सगळे 'फेवरलुबा' असंच एका दमात म्हणतात. ही कंपनी आपलं मूळ १७३७ पर्यंत मागं नेते आणि हिंदुस्थानात ती एकोणिसाव्या शतकापासून घड्याळं विकत होती. मागच्या पिढीत तालेवार घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात हमखास हेच. माझ्याकडे आलेलं घड्याळ आरशासारखं लखलखत होतं. निळी तबकडी, नवा कोरा पट्टा. मी हरखून भुसावळला गेले.

चाचांनी आयग्लास माझ्याच डोळ्याला लावला. "मी नाही सांगणार. तू बघ," म्हणाले.

आयग्लास धरायचीही एक रीत असते. भुवई आणि गालाच्या हाडामध्ये तो अडकवायचा, दुसरा डोळा उघडाच ठेवायचा आणि घड्याळाजवळ इतकं वाकायचं की श्वासानं काचेवर धुकं यावं. पहिली दोन मिनिटं मला निळ्या रंगाशिवाय काही दिसलं नाही. चाचा म्हणाले, "अक्षरं बघ. पाय बघ अक्षरांचे." मग दिसायला लागलं. कंपनीच्या नावातली अक्षरं एका ओळीत उभी नव्हती, एक जरा वर, एक खाली. शाई कडेला पसरलेली, टीपकागदावर लिहिल्यासारखी. मिनिटांच्या रेघा भरीव खुणांच्या बरोबर मध्यावर येत नव्हत्या, चारच्या पुढे त्या सरकत सरकत सातपाशी चांगल्याच बाजूला गेल्या होत्या. अगदी तळाशी 'स्विस मेड' हे शब्द असायला हवेत तिथे नुसता निळा रंग. मग केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, बघितली. पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या कडा धारदार असतात. इथे पॉलिश मारून मारून त्या चोखलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

"रिडायल," चाचा म्हणाले. "जुनी तबकडी घासून वरून नवा छापा. याला बाजारात मुंबई स्पेशल म्हणतात."

पैसे गेले याचं वाईट वाटलंच. विकणाऱ्यानं तबकडी मूळ आहे असं लिहून दिलं होतं, नंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. पण त्या दुपारी मी पहिल्यांदा घड्याळ *पाहिलं*. घरी येऊन एकतीसही एचएमटी ट्यूबलाइटखाली घेतले आणि आयग्लास लावून बसले. पहाटेपर्यंत चार घड्याळं बाजूला काढली. त्यातला एक पायलट मी सगळ्यांना कौतुकानं दाखवायची. त्याचीही तबकडी रंगवलेली निघाली. सहा वर्षं तो माझ्याकडे होता आणि वहीत त्याच्या नावापुढे खूण होती.

यादीबद्दल माझं मत तेव्हापासून कडक आहे. यादी हातात असली की डोळा नाव शोधतो, वस्तू शोधत नाही. एकाच कंपनीची घड्याळं जमवणाऱ्याला हा धोका जास्त, कारण त्याचा प्रश्न आधीच ठरलेला असतो: हे माझ्याकडे आहे का? अनोळखी कंपनीचं घड्याळ समोर आलं की यादी मुकी होते. मग एकच मार्ग उरतो, वाकून बघायचं.

खरं फेवरलुबा मिळालं ते पुढच्या हिवाळ्यात, यावल तालुक्यात. सहकारी शिक्षिकेच्या माहेरी भरीत पार्टीला गेलो होतो. शेतात तुरीच्या काट्यांवर वांगी भाजलेली, कळण्याच्या पुऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा. तिच्या वडिलांना, आप्पांना, माझ्या छंदाचं कळलं तसे ते घरात गेले आणि रुमालात बांधलेलं घड्याळ घेऊन आले. केळीच्या पहिल्या मोठ्या उत्पन्नातून त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेलं. वीस वर्षं बंद. तबकडी मुळात पांढरी असणार, आता सायीच्या रंगाची झाली होती आणि आठच्या आकड्यापाशी चहाच्या थेंबासारखा डाग. मी आयग्लास काढला. अक्षरं ताठ उभी, रेघा आपापल्या जागी, तळाशी 'स्विस मेड' बारीक आणि स्वच्छ. डागाकडे बघून मला इतका आनंद झाला की आप्पा गोंधळले. त्यांनी ते मला दिलं, पैसे घेईनात. शेवटी दुरुस्त करून वर्षातून एकदा त्यांना दाखवायला आणायचं, या बोलीवर मी ते घेतलं.

चाचांनी ते पेट्रोलमध्ये धुतलं, तेल घातलं. आमच्याकडचा उन्हाळा घड्याळातलं तेल फार लवकर सुकवतो. वाळलेल्या तेलाचा काळा चिकट थर त्यांनी मला काडीवर काढून दाखवला. मग मशीन उघडं असतानाच म्हणाले, "चावी दे." मी चावी फिरवली तर एकाऐवजी दोन चाकं फिरायला लागली. या मशीनला दोन मेनस्प्रिंग, म्हणजे चावीनं पिळल्या जाणाऱ्या स्प्रिंगा, आणि त्या ठेवायला दोन बॅरल, दोन डब्या. साठच्या दशकातली फेवर ल्युबाची ही करामत. ताकद दोन स्प्रिंगांत वाटली की दोन्ही लहान ठेवता येतात आणि मशीन पातळ होतं. माझ्या हातातलं सगळं मशीन तीन मिलिमीटरच्याही आत होतं. शेजारी शेजारी फिरणारी ती दोन दातेरी चाकं बघताना मला जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोन बायका आठवल्या. झाकण लावण्याआधी चाचांनी ते उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला सुईनं ओरखडल्यासारख्या बारीक खुणा होत्या, काही आकडे, एखादं अक्षर. "घड्याळजी लोक टाकतात. कोणी, कधी उघडलं ते. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पुढच्या घड्याळजीला दिसतं."

त्यानंतर माझं घर सगळ्यांना मोकळं झालं. कुवेतला असलेल्या मामेभावानं त्याचं जुनं सेको फाइव्ह दिलं, वार इंग्रजीत आणि अरबीत दाखवणारं. १९६३ पासून ही घड्याळं आहेत आणि नावातला पाच हा पाच गोष्टींचा वायदा: आपोआप चावी बसणारं मशीन, एकाच खिडकीत वार आणि तारीख, पाण्यापासून बचाव, चारच्या आकड्यापाशी आत दबलेली चावी आणि दणकट केस-पट्टा. माझ्या घड्याळाला हातानं चावी देताच येत नाही. मनगटावर वागवलं तरच चालतं. दोन दिवस काढून ठेवलं की थांबतं. नानांच्या रीतीत वाढलेल्या मला हे सुरुवातीला परकं वाटलं, मग आवडायला लागलं. कानाशी धरलं तर फरक ऐकू येतो. जनता सेकंदाला पाच ठोके टाकतं, सेको सहा. एक आकड्याचा फरक, पण जनताची चाल ठाय लयीतली आहे आणि सेकोची घाईची, बाजाराला निघालेल्या माणसासारखी. एचएमटी शिवाय दुसरं ऐकलंच नव्हतं तोवर मला एचएमटीला चाल आहे हेही माहीत नव्हतं.

टायटनशी माझं जुनं वैर होतं. १९८७ मध्ये होसूरची ती सेलवरची देखणी घड्याळं बाजारात आली आणि लग्नातलं, बक्षिसातलं एचएमटीचं पान त्यांनी उचललं, असा माझा राग. आईच्या हातात मावशीनं दिलेलं टायटन आहे. एकदा सेल बदलताना चाचांनी ते उघडून दाखवलं: आत चिमटीत मावणाऱ्या धातूच्या नळीत क्वार्ट्झचा तुकडा, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. त्या आकड्यापुढे माझं वैर गप्प झालं. तरी मला सेलचं घड्याळ जमवावंसं वाटत नाही, हेही खरं. आदर आहे, ओढ नाही.

आणि एक घड्याळ मिळालंच नाही, त्याबद्दलही लिहायला हवं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठच्या त्या घोडेबाजारात, एक म्हातारा व्यापारी विक्रीसाठी उभ्या घोड्याची लगाम धरून होता आणि त्याच्या मनगटावर वेस्ट एंडचं सोवार प्रिमा. १८८६ पासूनची कंपनी. सोवार म्हणजे आपला स्वारच, इंग्रजी अमदानीतल्या देशी घोडेस्वारांवरून ठेवलेलं नाव. मी विचारलं, "बाबा, देणार का?" तो म्हणाला, "घोडा ने, घड्याळ नही." मी त्याच्या हातावर वाकून मनसोक्त बघून घेतलं. वहीच्या काळात मला ही गोष्ट हार वाटली असती.

आता सिटिझनबद्दल. यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

एचएमटीचं मशीन सिटिझनच्या मदतीनं बनलं हे मला पहिल्यापासून पाठ होतं. पहिल्या काळातल्या काही तबकड्यांवर एचएमटी आणि सिटिझन अशी दोन्ही नावं असतात, तीही मी फोटोत पाहिली होती. पण पाठ असणं आणि समोर असणं यात फार अंतर आहे. गेल्या वर्षी धुळ्याच्या त्याच जुन्या दुकानात साठच्या दशकातलं एक चावीचं सिटिझन हाती लागलं. तबकडीवर 'पॅराशॉक' लिहिलेलं. घड्याळ पडलं तर बॅलन्सची, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाची, नाजूक दांडी मोडू नये म्हणून बसवलेल्या झटकारोधकाचं हे सिटिझननं दिलेलं नाव, आणि हाच शब्द माझ्या जनता-पायलटच्या तबकडीवरही. चाचांनी सिटिझन आणि माझ्या डब्यातलं एक जनता, दोन्हीच्या पाठी काढून ती शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही चालू. मी आयग्लास लावला आणि एकीकडून दुसरीकडे बघत राहिले.

चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे पुलांचे, आकार तसेच. स्क्रू त्याच जागी. बॅलन्सचं चाक त्याच कोपऱ्यात, त्याच दिशेला श्वास घेतल्यासारखं फिरणारं. जपानी मशीनच्या कडा जास्त नीट घासलेल्या, पुलांवरच्या रेघा बारीक. आपल्याकडच्या कडेवर हत्याराचा हलकासा माग राहिलेला. बंगळुरूच्या कुणा कामगाराच्या हातचा तो माग. आधी मला वाटलं, आपलं कमी पडलं. मग जास्त वेळ बघत बसले तसा तो मागच मला आवडायला लागला. कारागीर दुसऱ्याच्या घरी काम शिकून आला आणि स्वतःच्या गावात पहिलं घड्याळ केलं, असा तो माग होता. सात वर्षं मी एचएमटीला आपलं आणि बाकी सगळ्यांना परकं म्हणत आले. आणि इथे दोन सख्ख्या बहिणी एकाच ताटात जेवायला बसल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मला गाडीत सुचली आणि मी धरणगावला उभीच राहिले. १९२४ मध्ये जपानमध्ये खिशातलं एक घड्याळ निघालं. ते सामान्य नागरिकांपर्यंत पोचावं म्हणून टोकियोचे महापौर राहिलेले गोतो शिम्पेई यांनी त्याचं नाव ठेवलं सिटिझन, म्हणजे नागरिक. पुढे कंपनीनंच ते नाव घेतलं. आणि चाळीस वर्षांनी त्याच कंपनीच्या मशीनवर आपण घड्याळ केलं, तर आपण नाव ठेवलं जनता. नावाचा मेळ मुद्दाम घातला होता की आपोआप बसला, ते काही असो, नानांच्या मनगटावरचा तो शब्द मला त्या दिवशी नव्यानं वाचता आला.

एकतिसातली बरीचशी घड्याळं मी आता दिली आहेत. धुळ्याचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा एचएमटी जमवतो. त्याच्या आजोबांचा कोहिनूर होता. तो घरी आला, डब्यावर वाकला तसे त्याचे डोळे चमकले. त्यानं विचारलं, "मॅडम, यादी आहे का तुमच्याकडे?" मी त्याला घड्याळं दिली, आयग्लास दिला आणि वाकून बघायला शिकवलं. रंगवलेला पायलटही दिला, शिकण्यासाठी. वही मात्र त्यानं फार मागितली म्हणून दिली. सुरुवातीला मलाही ती लागली होती.

गेल्या महिन्यात मी देवघराचा खण उघडला आणि नानांचं जनता घेऊन भुसावळला गेले. चाचांना काही बोलावं लागलं नाही. त्यांनी हात धुतले, टेबलावर नवा पांढरा कागद अंथरला. केसवरचा क्रोम घामानं उडून पितळ दिसत होतं, नानांच्या मनगटाच्या हाडाशी लागायचं त्या बाजूला जास्त. पाठ घट्ट बसली होती, चाकूच्या टोकानं दोनदा प्रयत्न करावा लागला. टक्क आवाज झाला आणि ती निघाली. मशीन आतून स्वच्छ होतं, नुसतं सुकलेलं. चाचांनी झाकण उलटं करून माझ्यापुढे सरकवलं.

मी आयग्लास लावला. स्टीलवर चार खुणा होत्या, चार वेगळ्या हातांच्या. ४-७४. मग ८-७९, त्याच्या पुढे मोडीतल्यासारखं वळणदार एक अक्षर. सगळ्यात खाली, सगळ्यात ठसठशीत, २-९३. आणि तिसरी, कडेला, घाईत ओढलेली: ६-८६.

जून १९८६. मी सहावीत नुकतीच गेले होते.

"कुणाचा हात आहे?" मी विचारलं. चाचांनी बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. तेव्हा स्टेशन रोडला पुष्कळ घड्याळजी बसायचे, म्हणाले, आता मी एकटा उरलो.

त्यांनी मशीन सोडवलं, धुतलं, एकेक भाग फडक्यावर वाळवला. मधल्या वेळात पुतण्यानं चहा आणला. चार वाजता बॅलन्स जागेवर बसला आणि चाचांनी फुंकर घातल्यासारखा एक हलका झटका दिला. चाक फिरायला लागलं. त्यांनी चावी माझ्या बोटांकडे केली. मी मोजत पीळ दिले आणि शेवटचा हलक्या हातानं.

झाकण अजून त्यांच्या डाव्या हातात होतं. उजव्या हातात सुई.

"तारीख टाकू?"

"टाका," मी म्हणाले, आणि ऐकण्यासाठी कूलर बंद केला.